१ जानेवारीची तुळस

आज दुपारी जुन्या मेमरी कार्डातील छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतली आणि अक्काच्या अंगणातले तुळशीचे लग्न १ जानेवारी २०१० च्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेले पाहिले, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. कारण समजण्यासारखे आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ आतल्या एका लहानशा सेलवर चालते, तो मुख्य बॅटरीवरून चार्ज होतो, आणि मी ती बॅटरी काढून कॅमेरा पावसाळाभर कपाटात ठेवला होता; सेल उतरला आणि घड्याळ आपल्या आरंभीच्या तारखेवर परतले. का ठेवला होता, ते आज लिहीत नाही.

पण सलते ते कॅमेऱ्याचे चुकणे नव्हे. खरी तारीख मलाही आठवेना, हे सलते. उसाचा मांडव मी स्वतःच्या हाताने बांधला होता, आणि साधे वर्षही सांगता येऊ नये? दिवस लक्षात ठेवण्याचे काम मी यंत्रावर केव्हा सोपवले, तेच कळले नाही. विचारावे, तर आता कोणाला विचारावे?

मग एकेक फाइल उघडली. आधीच्या कार्डावरची शेवटची फाइल २०१६ च्या मे महिन्यातली, ७३१७ क्रमांकाची आहे आणि हे कार्ड ७३१८ पासून सुरू होते. म्हणजे वर्ष बहुधा तेच. पुढे एका चित्रात कौलांवर आलेला चंद्र दिसला आणि गाठ सुटली. १९४८ नंतर चंद्र पृथ्वीच्या इतक्या जवळ प्रथमच येत आहे, म्हणून नानांनी सगळ्यांना अंगणात बोलावले होते. त्रिपुरी पौर्णिमा, १४ नोव्हेंबर २०१६.

घड्याळाचा दिवस चुकला होता, चाल चुकली नव्हती. अंतरपाट धरल्यापासून अक्षता पडेपर्यंतची चार मिनिटे खरीच आहेत, म्हणून सगळ्या छायाचित्रांची वेळ एकाच फरकाने पुढे सरकवली आणि मूळ फाइलींची एक प्रत तशीच राखली. ते करताना जाणवले की माझ्याकडेही तारीख नव्हती, क्रम मात्र होता: आधी मांडव, मग अक्काची हाक, मग चंद्र. एवढे उरले असेल, तर ते थोडे नाही.

फोल्डरला २०१६-११-१४ असे नाव दिले. वर्ष आधी लिहिले की तो आपोआप आपल्या जागी लागतो. दोन ठिकाणी प्रती झाल्या की मी एरवी कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करते. हे मात्र पुन्हा डबीत ठेवले.