दाताला ड्रिल लावू देण्याआधी

कोरून काढलेला दात पुन्हा भरून येत नाही. मोडलेलं हाड सांधतं, कातडी जुळून येते, पण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून जातात. त्यामुळे गरज नसताना केलेल्या फिलिंगचं नुकसान फक्त पैशांचं नसतं. फिलिंग कधी ना कधी बदलावं लागतं, दर खेपेला खड्डा थोडा वाढतो, मग कॅप लागते, कधी रूट कॅनॉलही, म्हणजे आतली नस काढून मुळं भरणं. चांगला दात या वाटेला उगाच लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

बहुतेक डेंटिस्ट प्रामाणिक असतात. तरीही दोन प्रामाणिक डेंटिस्ट एकाच तोंडाबद्दल वेगळा सल्ला देऊ शकतात, कारण सुरुवातीची कीड आत्ता भरायची की तिच्यावर लक्ष ठेवायचं, यात मतभेदाला जागा असते. लबाडी करणारा नेमका याच जागेचा फायदा घेतो. त्याला धडधडीत खोटं बोलावंच लागत नाही. म्हणून डॉक्टर चांगला की वाईट याचा अंदाज बांधत बसू नका, प्रत्येक दातामागचा पुरावा मागा.

"पाच-सहा दात किडलेत" हे निदान नव्हे. कोणते दात, ते नंबरासकट हवं. बऱ्याच देशांत दोन आकडी पद्धत चालते. पहिला आकडा तोंडाच्या भागाचा: तुमची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत १ ते ८. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, ४८ ही खालची उजवी अक्कलदाढ. दुधाच्या दातांसाठी पहिला आकडा ५ ते ८ असतो. प्रत्येक नंबरासमोर काय आढळलं, कशावरून आणि काय करायचं, हे लिहून मागा. "३६, मागच्या बाजूला कीड, एक्स-रेत डेंटिनपर्यंत, फिलिंग" एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. जिथे नुसता एकूण खर्चाचा आकडा हातात ठेवतात, तिथे त्या दिवशी कशालाच होकार देऊ नका.

आता कीड. सगळ्यात जास्त अनावश्यक काम इथेच खपवता येतं, म्हणून थोडं सविस्तर. बाहेर इनॅमल, त्याखाली डेंटिन, मध्यभागी नस. कीड इनॅमलमध्येच असते तेव्हा दुखत नाही, आणि वरचा पृष्ठभाग फुटलेला नसेल तर ती थांबवता येते, कधी कधी मागेही फिरवता येते. खडूसारखा निस्तेज पांढरा डाग ही तिची पहिली खूण. अशा डागावर ड्रिल चालवायचं नसतं. १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट दिवसातून दोनदा, गोड खाण्याच्या वेळा कमी, लागलंच तर दवाखान्यात फ्लोराइड वार्निश म्हणजे दातांवर लावायचा लेप, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, एवढं पुरतं. खरोखर खड्डा पडला असेल आणि ब्रशने तो साफ ठेवता येत नसेल, तर मात्र फिलिंग हवंच.

दाढेच्या खाचांमधली काळी-तपकिरी रेघ पुष्कळ प्रौढांच्या तोंडात असते. ती नुसता डाग असू शकते किंवा केव्हाच थांबलेली जुनी कीड. टोकदार सुई खाचेत अडकली म्हणजे कीड आहे, ही समजूत जुनी झाली. खाच अरुंद आणि खोल असली तरी सुई अडकते, आणि जोर लावला तर मऊ पडलेलं इनॅमल सुईनेच फुटू शकतं. लेझरच्या पेनसारखं यंत्र आकडा दाखवतं खरं, पण तो आकडा डागामुळे आणि कीटणामुळेही वाढतो. तोंडातल्या कॅमेऱ्याचं चित्र तर सगळ्यात घाबरवणारं. कित्येक पटींनी मोठा केलेला कुठलाही दात भयानक दिसतो. समोरच्या दातांवर दिसणाऱ्या उभ्या बारीक रेषा वयाबरोबर येतात, त्यांना उपचार लागत नाहीत. एकाच दाढेत चावताना, विशेषतः चावून सोडताना, कळ येत असेल तरच खऱ्या भेगेचा शोध घ्यावा.

दोन दातांमधली कीड डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बाइटविंग हा एक्स-रे असतो, त्यात वरच्या-खालच्या दाढा एकत्र येतात आणि मधल्या फटी मोकळ्या दिसतात. पूर्ण जबड्याचा ओपीजी अक्कलदाढा आणि हाड पाहायला चांगला, पण मधल्या फटींतली सुरुवातीची कीड दाखवायला कच्चा, कारण त्यात शेजारच्या दातांच्या प्रतिमा एकमेकांवर चढतात. नुसत्या ओपीजीवरून आठ फिलिंग निघाली असतील, तर आधी बाइटविंग काढायला सांगा.

चित्रात इनॅमल पांढरं, डेंटिन करडं आणि नस काळसर दिसते. किडीची काळी सावली इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये शिरली आहे का, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ती इनॅमलमध्येच असेल तर सहसा थांबता येतं. सावल्या फसवतातही. दाताच्या मानेशी, जिथे इनॅमल संपलेलं असतं आणि हाड अजून सुरू झालेलं नसतं, तिथून किरण जास्त आरपार जातात आणि अगदी निरोगी दातावरही काळा पट्टा उमटतो. काही जुनी फिलिंग एक्स-रेत काळीच दिसतात. खालच्या उपदाढांच्या, म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या दातांच्या, मुळांशी जबड्याच्या हाडातलं मज्जातंतूचं नैसर्गिक छिद्र असतं, ते हुबेहूब गळवासारखं दिसू शकतं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: खरी कीड असेल तर ती एक्स-रेत दिसते त्याहून सहसा थोडी पुढेच गेलेली असते. म्हणून सावली आणि प्रत्यक्ष तपासणी, दोन्ही जुळायला हवं.

रूट कॅनॉल नसेची अवस्था तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. तपासणी साधी आहे. औषधाने गार केलेला कापसाचा बोळा आधी चांगल्या दातावर टेकवतात, मग संशय असलेल्या दातावर. कळ येऊन बोळा काढल्यावर काही सेकंदांत गेली, तर नस चिडली आहे पण सावरू शकते. कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळली, किंवा दात आपसूक ठणकून रात्री झोपेतून उठवत असेल, तर ती सावरण्याची आशा कमी. काहीच जाणवलं नाही तर नस मेल्याचा संशय घेतात. त्याच्या जोडीला दात हलकेच ठोकून पाहतात आणि मुळाच्या टोकाशी हाडात सावली आहे का ते एक्स-रेत बघतात. यातलं काहीच न करता "कीड खोल आहे, करून टाकू" असं कोणी म्हणालं, तर खुर्चीतून उठायला हरकत नाही. नस जिवंत असेल आणि आपसूक ठणकत नसेल, तर खोल किडीतही नसेजवळचा मऊ थर मुद्दाम ठेवून वर घट्ट फिलिंग करता येतं. नस किंचित उघडी पडली तरी एमटीएसारखं सिमेंट लावून ती वाचवण्याचा प्रयत्न होतो. "हा पर्याय माझ्या दाताला का चालणार नाही?" असं सरळ विचारा. उत्तर पटण्यासारखं असेल तर रूट कॅनॉल जरूर करा. खरी गरज असताना केलेलं रूट कॅनॉल दात वाचवतं.

काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही एक्स-रे घ्या. दाताच्या मुळाच्या आत भरलेली पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या अलीकडे २ मिमीच्या आत थांबलेली दिसायला हवी. काम चालू असताना दाताभोवती रबर डॅम, म्हणजे ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा, लावतात का हेही आधीच विचारा. तो नसेल तर लाळेतले जंतू आत जातात.

कॅपसाठी दात बाजूंनी साधारण १ ते दीड मिमी आणि चावण्याच्या पृष्ठभागावर दीड ते २ मिमी कोरावा लागतो. रूट कॅनॉल झालेल्या दाढेला कॅप बहुधा योग्यच. समोरच्या दाताला मागून लहान छिद्र पाडलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर साधं फिलिंगही पुरतं. लहान फिलिंगच्या, न दुखणाऱ्या दाताला 'पुढेमागे तुटेल म्हणून' कॅप सुचवली तर कारण लिहून मागा. निव्वळ हसू सुंदर दिसावं म्हणून विशीतल्या मुलामुलींचे निरोगी दात ओळीने कोरतात, ते मला सगळ्यात जास्त खुपतं.

हिरड्यांच्या बाबतीत 'डीप क्लीनिंग' हा शब्द सर्रास वापरला जातो. त्याचा पुरावा आकड्यांत असतो. बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक. ४ मिमी किंवा जास्त, सोबत रक्त आणि एक्स-रेत हाड खाली गेलेलं, तेव्हा मुळापर्यंतची सफाई रास्त ठरते. मोजमापाचा तक्ता नसेल तर ते निदान झालेलंच नाही. ब्रश करताना रक्त येणं एवढ्यावरून डीप क्लीनिंग ठरत नाही, बऱ्याचदा साधी सफाई आणि नीट ब्रशिंग पुरतं.

चांदीची जुनी फिलिंग फक्त 'त्यात पारा आहे' म्हणून काढू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० साली गर्भवती, लहान मुलं अशा काही गटांना नवीन बसवताना ती शक्यतो टाळायला सांगितलं, पण बसवलेली आणि चांगल्या स्थितीतली काढायचा सल्ला दिला नाही. काढतानाच वाफ जास्त सुटते आणि चांगला दातही कोरला जातो. तेच अक्कलदाढांचं. कोणते उपचार करावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली सांगितलं की अडकलेली अक्कलदाढ निरोगी असेल तर केवळ खबरदारी म्हणून काढू नये. हिरडी वारंवार सुजत असेल, तिला किंवा शेजारच्या दाढेला कीड लागली असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरं मत घ्यायला जाताना लोक एक चूक हमखास करतात: पहिल्या डॉक्टरांची यादी समोर ठेवतात. मग दुसऱ्याचं मत तिच्याभोवतीच फिरतं. एक्स-रे द्या, यादी देऊ नका. "तपासणी करून प्रत्येक दाताची स्थिती सांगा" एवढंच म्हणा आणि नंतर घरी दोन्ही कागद नंबर लावून ताडून बघा. एक्स-रे मूळ डिजिटल फाइलच्या रूपात मागा, पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, त्यात बारकावे हरवतात. ज्या डॉक्टरांकडे मत घेताय, ते काम त्यांच्याकडे करणार नाही असं आधीच सांगितलंत तर उत्तर अधिक मोकळं मिळतं. "आजच ठरवलं तर सवलत", हप्त्यांचा अर्ज लगेच पुढे करणं, किंवा डॉक्टरांऐवजी दुसऱ्याच कोणी बसून पॅकेज समजावणं, या तिन्ही वेळी घरी जा. न दुखणारी छोटी कीड दोन-तीन आठवड्यांत दात घालवत नाही.

थांबू नये असे प्रसंग मात्र आहेत. चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास, अशा वेळी दुसरं मत नाही, थेट रुग्णालय. मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या भागाला धरा, मूळ घासू नका, लगेच जागेवर बसवता आला तर बसवा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोहोचा. आणि आठवडाभर ठणकणारा दात एकाएकी शांत झाला, तर तो बरा झाला असं धरून चालू नका. पुष्कळदा नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकाशी हाडात सरकत असतो. त्याच आठवड्यात त्या दाताचा एक्स-रे काढून घ्या.