आधी आवाज करून दाखवा

"गाडी नुसती टिकटिक करालीय, चालूच होईना. नवी बॅटरी घालू काय?" बेळगावजवळच्या खानापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, पावसाळ्यात जवळजवळ रोज. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

फोनवर मी आधी म्हणतो, तो आवाज तोंडानं करून दाखवा. मोठी माणसं जरा लाजतात, पण करतात. कित्तूरकडून कन्नडमधून फोन येवो की जांबोटीहून मराठीतून, भराभर टिक-टिक-टिक आहे की एकदाच खट्ट, एवढं कळलं की माझं अर्धं काम होतं.

भराभर टिकटिक म्हणजे सॉलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या विजेच्या खटक्याला, करंट मिळतोय, पण सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फिरेल इतका नाही. किल्ली फिरवली की सॉलेनॉइड आत ओढला जातो आणि बॅटरी सेल्फला जोडतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा त्या क्षणी शंभर अँपिअरच्या आसपास किंवा वर मागतो. बॅटरी अशक्त असेल तर व्होल्टेज तिथंच कोसळतो, सॉलेनॉइडची पकड सुटते, स्प्रिंग त्याला मागं ढकलते. भार गेला की व्होल्टेज वर येतो आणि सॉलेनॉइड पुन्हा ओढला जातो. एका सेकंदात हे कितीतरी वेळा घडतं. पण वाटेत कुठं जोडणी सैल किंवा गंजलेली असेल, तरी बॅटरी ठणठणीत असून हाच आवाज येतो. बॅटरीच्या दुकानात जायच्या आधी थांबा म्हणतो ते यासाठीच.

गेल्या आषाढात कणकुंबीकडच्या एका गुरुजींचा फोन आला. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बेळगावला न्यायचं असतं. चार दिवसांपूर्वी एका दुकानात टिकटिकीवर नवी बॅटरी घातलेली, पैसे उसने घेऊन. आणि त्या पहाटे परत तीच टिकटिक. मी पोचलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता, आई शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसलेल्या. गुरुजींना म्हटलं, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. समोर फणसाचं झाड होतं. टिक-टिक-टिक चालू होती आणि फणसाच्या ओल्या बुंध्यावरचा उजेड जरासुद्धा हलत नव्हता. बॅटरी किंवा तिची टर्मिनलं (वायरी जोडायची प्लस-मायनस टोकं) कमजोर असती, तर तो उजेड आवाजाबरोबर विझत-पेटत राहिला असता. लाइटची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, बॉडीला असते, सेल्फची इंजिनाला. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंत सगळं नीट होतं, संशय इंजिनाच्या अर्थिंगवर होता. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. खाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सवरून चासीला जाणाऱ्या विणलेल्या अर्थिंग पट्टीची हिरवी भुकटी झालेली, चार-पाच तारा कशाबशा धरून होत्या. आमच्या घाटाकडच्या पावसात हे होतंच. आईंची वेळ चुकू नये म्हणून केबल तशीच बांधून त्यांना पाठवलं आणि दुपारी परत आल्यावर नवी पट्टी घातली. उसन्या पैशाची ती बॅटरी मात्र माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून आधी टर्मिनलं बघा. हातानं पिळून हलली तर तिथंच दुखणं आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी मायनस सोडा, मग प्लस. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरनं आतून चकचकीत करा, आणि जोडताना मायनस शेवटी.

मग बॅटरीच्या टर्मिनलांना व्होल्ट मोजायचा मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, लगेच भंगारात काढू नका. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर मात्र ती थकली. आणि गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसत नसेल, तर अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

पोरं पुण्याला आणि गाडी गावात, अशी घरं आमच्याकडं पुष्कळ. गाडी निघते गणपतीला. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म थोडा करंट खातात. तो ५० मिलीअँप धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मायनस सोडून ठेवा, एवढंच करा.

एकदाच खट्ट वाजलं आणि लाइट तेजदार राहिली, तर संशय सेल्फवर. सॉलेनॉइडचे पॉइंट जळलेले असतात किंवा सेल्फच्या आतले करंट पोचवणारे कार्बन झिजलेले. सेल्फवर पान्यानं हलकेच ठोकल्यावर गाडी चालू झाली तर बहुतेक कार्बनच. तेवढ्यावर खूश होऊन महिना काढू नका, दोन दिवसांत सेल्फ खोलून घ्या.

आणि गाडी पाण्यातून आली असेल, तर खट्ट ऐकल्यावर परत किल्ली फिरवूच नका. २०१९ च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेकाठच्या निपाणी भागात किती गाड्या पाण्यात होत्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टनला दाबायला हवा उरत नाही आणि पाणी दाबलं जात नाही. तिथं धक्का देऊन किंवा दुसऱ्या बॅटरीनं जबरदस्ती केली की कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून आधी पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बघायचा, ऑइल बदलायचं. तोवर ती गाडी टो करूनच आणा, आणि गिअर न्यूट्रलला ठेवा.