१४६४ जातं, १४६५ अडतं

धरणगावकडच्या एका जिनिंगमधली कॉम्प्युटरची कामं माझ्याकडे आहेत. मागच्या हंगामात तिथे जुनी लाइन काढून फायबर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मेल अडायला लागले. दोन ओळींचा मेल लगेच जायचा. गाठींच्या बिलाची पीडीएफ जोडली, की तसाच लटकायचा. बाहेर काट्यावर ट्रक उभा आणि बिल आत अडकलेलं. मुनीमकाका म्हणाले, "भाऊ, पिंग ते चालस ना, मंग मेल का बरं जात नही?"

प्रश्न अगदी नेमका होता. पिंग म्हणजे डेटाचं एक छोटं पाकीट पाठवून समोरून उत्तर येतं का ते पाहणं. मी केबल बदलली, स्विचच्या जाळीत बसलेली रुई ब्रशने काढली, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून पाहिला. दोन दिवस त्यातच गेले. लाइनवाल्यांनी येऊन राउटरला थेट लॅपटॉप लावला, तर मोठी फाइल सरळ गेली! म्हणजे खोट राउटर आणि ऑफिस यांच्या मधल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं तपासणाऱ्या पेटीमध्ये.

त्या रात्री डोक्यात आलं, की विंडोजचं पिंग मुळात ३२ बाइटच पाठवतं. एवढंसं पाकीट कुठूनही निघून जाईल. मग "तुकडे करू नको" असं सांगून आकार वाढवत गेलो. १४०० ला उत्तर आलं, १४७२ ला नाही. १४५० ला आलं, १४७० ला नाही. असं करत शेवटी १४६४ जातं आणि १४६५ अडतं, इथे येऊन थांबलो. त्यात हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्या-माहितीचे, २८ बाइट मिळवले की १४९२. इथरनेटच्या पाकिटाची मर्यादा १५००, त्यातले ८ पीपीपीओई (लाइनवर लॉगिन करायची पद्धत) खातं. हिशेब चोख जुळला.

पण पीसीला हे कळत का नव्हतं? वाटेत पाकीट मोठं ठरलं, तर राउटरने आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत, पिंगही त्यातलंच) निरोप उलटा पाठवायचा आणि पाठवणाऱ्याने आकार कमी करायचा, ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदापासून ठरलेली आहे. फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना वायरशार्क, म्हणजे जाणारी-येणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम, लावून पाहिलं. बाहेरच्या बाजूला राउटरचा निरोप येत होता: टाइप ३, कोड ४, म्हणजे "पाकीट मोठं आहे, तुकडे करावे लागतील". आतल्या बाजूला काहीच नाही. आधी कोणीतरी सुरक्षेसाठी म्हणून पिंगची उत्तरं सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलं होतं. जुन्या लाइनवर पूर्ण १५०० जात होते, म्हणून इतकी वर्षं कोणाला त्रास झाला नाही. आयसीएमपी असं सरसकट बंद करणं मला साफ चूक वाटतं. चोर त्याने अडत नाही, निरोप्या अडतो.

तेवढा एक निरोप आत येऊ दिला आणि टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती मजकूर भरायचा तो आकडा, १४५२ वर बांधून टाकला (१४९२ मधून हेडरचे ४० वजा). सकाळी मुनीमकाकांनी अडकलेली बिलं एकेक करून पाठवली, तोवर मी राउटरवर चिकटपट्टी लावून मार्करने या लाइनवरच्या सगळ्यात मोठ्या पाकिटाचा आकार लिहिला: एमटीयू १४९२.