खारी हवा आणि जुने ग्राफिक्स कार्ड

गेमिंगसाठी जुने ग्राफिक्स कार्ड घ्यायचे म्हटले की ते मायनिंगला, म्हणजे आभासी चलन कमावण्यासाठी सतत गणिते करत ठेवायला, वापरलेले तर नाही ना, ही शंका सर्वांत आधी येते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे मायनिंग थांबले आणि अशी कार्डे मोठ्या संख्येने सेकंडहँड बाजारात उतरली, त्यामुळे ती शंका रास्तच आहे. तथापि रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या माणसाने त्याआधी हे कार्ड आजवर कुठल्या गावात राहिले, याची चौकशी करावी असे माझे मत आहे.

मायनिंगमध्ये पंखे झिजतात, चिपची उष्णता हीटसिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) पोचवणारी थर्मल पेस्ट सुकते, मेमरीही बराच काळ तापलेली राहते. पण पंखे आणि पेस्ट बदलता येतात. खाऱ्या हवेचे नुकसान असे भरून निघत नाही. मिठाचे सूक्ष्म कण कार्डावर बसतात, पावसाळ्यातला ओलावा धरून ठेवतात आणि पिना, सांधे व तांब्याचे बारीक मार्ग हळूहळू खाऊ लागतात. चालू कार्ड गरम असल्यामुळे निदान कोरडे तरी राहते. उलट जून ते सप्टेंबर नुसते पडून राहिलेले कार्ड, त्याच्या जाहिरातीत ‘अगदी कमी वापरलेले’ असे कितीही ठळक लिहिलेले असले तरी, मला अधिक संशयास्पद वाटते.

भाच्यासाठी रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावाकडे एक आरटीएक्स ३०६० कार्ड पाहायला गेलो होतो. समोरून कार्ड चकाचक होते आणि कार्डावर पूर्ण ताण देणाऱ्या फरमार्क प्रोग्रामची चाचणीही सुरळीत पार पडली. बॅटरीच्या उजेडात उलटे धरले, तेव्हा मागच्या पट्टीचे स्क्रू तांबूस झालेले, एचडीएमआय पोर्टच्या कडेला गंजाची बारीक रेघ आणि हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी दिसली. “काका, गेम तर मस्त चालतात की,” असे कार्ड विकणारा मुलगा म्हणाला, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. “आज चालतात रे, पुढच्या श्रावणाचं बोल,” एवढेच मी म्हटले आणि कार्ड परत दिले.

फसवणुकीचे प्रकार वेगळे. बायॉस (कार्डातले मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुनाट कार्ड जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवलेले असू शकते, म्हणून कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडून पाहावा. त्यातच शेडरची, म्हणजे चित्राची गणिते करणाऱ्या एककांची, संख्याही दिसते: आरएक्स ५८० मध्ये २,३०४ शेडर असतात. २,०४८ दिसले तर ती हलकी आवृत्ती समजावी.

नवे घेतले की काळजी मिटते, असेही नाही. १८ टक्के जीएसटीसह पूर्ण किंमत मोजून मिळणाऱ्या वॉरंटीत गंज आणि ओलाव्यामुळे झालेला बिघाड बहुधा वगळलेला असतो. ही अट दुकानदार आपणहून सांगत नाही. छापील कागदावर ती शोधावी लागते.

शेवटी भाच्यासाठी कोल्हापूरहून, मूळ बिलासह, जुने आरएक्स ६६०० घेतले. ते १३२ वॉटचे असल्याने त्याच्याकडचा ४५० वॉटचा पॉवर सप्लाय बदलावा लागला नाही. कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीखालून हलवून आतल्या भिंतीला लावायला सांगितले आहे. तिथे तांदळाचे पिंप असते, त्यामुळे ताईची अजून संमती मिळालेली नाही.