जेरुसलेममधला फ्रेंच उंबरठा आणि टायरची शाळा

जेरुसलेमच्या जुन्या शहरात सिंहद्वारातून शिरले की थोड्याच अंतरावर उजव्या हाताला एक साधेसे दार लागते आणि त्यावर फ्रान्सचा तिरंगा फडकताना दिसतो. हे सेंट ॲन चर्चचे आवार. क्रिमियन युद्धात केलेल्या मदतीची परतफेड म्हणून सुलतान अब्दुलमजीदने १८५६ मध्ये ते तिसऱ्या नेपोलियनला दिले. पुढे ऑटोमन गेले, ब्रिटिश आले आणि गेले, जॉर्डनची राजवट झाली, १९६७ पासून इस्रायलचा ताबा आहे. या दाराचा मालक मात्र तोच राहिला. ऑलिव्ह पर्वतावरचे एलिओना हे चर्चचे आवार, शेख जर्राहजवळची राजांची थडगी आणि शहराबाहेर अबू घोष येथील चर्च यांनाही फ्रान्स आपली राष्ट्रीय मालमत्ता मानतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी तिथे गेले ती पर्यटक म्हणूनच. पण आंतरराष्ट्रीय राजकारण वाचत बसण्याची जुनी खोड असल्यामुळे तीर्थस्थळांच्या यादीशेजारी मी दुसरीही एक यादी केली होती. या भूमीवर युरोपच्या राजनयाने उमटवलेल्या खुणा पाहायच्या, असा बेत होता. सेंट ॲन त्या यादीत पहिले होते.

चर्च क्रुसेडरांच्या काळातले, बाराव्या शतकातले आहे. दर्शनी दारावर अरबी शिलालेख आहे, कारण सलाउद्दीनने शहर जिंकल्यावर ११९२ मध्ये इथे मदरसा सुरू केला होता. आत केरळहून आलेल्या यात्रेकरूंचा एक गट मल्याळम भजन म्हणत होता, आणि दगडी कमानींमध्ये प्रत्येक स्वर इतका वेळ रेंगाळत होता, की दहा-बारा जणांचा आवाज पन्नासांचा वाटावा. या घुमण्याचीच कीर्ती ऐकून जगभरचे गायक इथे येतात. मला मात्र इथे घडलेले दुसरे आवाज आठवत होते. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक जुन्या शहरातून चालत असताना इस्रायली सुरक्षारक्षकांनी त्यांच्याभोवतीच्या लोकांना ढकलायला सुरुवात केली, तेव्हा ते भडकले आणि असेच चालणार असेल तर आपण विमानात बसून परत जाऊ, असे त्यांनी सुनावले; शिवाय इस्रायली सैनिक आवाराबाहेर जाईपर्यंत सेंट ॲनमध्ये पाऊल टाकायला नकार दिला. २०२० च्या जानेवारीत इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी याच दाराशी इस्रायली पोलिसांना जवळजवळ त्याच सुरात बाहेर काढले. मी परत आल्यानंतर, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, तिसरा अंक एलिओनात झाला: सशस्त्र इस्रायली पोलीस आत आहेत म्हणून फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ज्याँ-नोएल बारो आत गेलेच नाहीत, पोलिसांनी दोन फ्रेंच जँडार्मना (लष्करी पोलिसांना) काही काळ ताब्यात घेतले आणि पॅरिसने इस्रायलच्या राजदूताला पाचारण केले.

एलिओनात मी दुसऱ्या दिवशी गेले. येशूने शिकवलेली प्रार्थना तिथल्या भिंतींवर शंभराहून अधिक भाषांत रंगीत फरश्यांवर लिहिली आहे, आणि त्यात भारतीय भाषाही आहेत. यात्रेकरू आपापली भाषा शोधून तिच्यासमोर छायाचित्रे काढून घेत होते. स्वतःच्या उंबरठ्याबद्दल युरोप किती जागरूक आहे, याचे मला या दोन्ही ठिकाणी कौतुकच वाटले. एका पोलिसाचे पाऊल आत पडले, तर राष्ट्राध्यक्षांचा आवाज चढतो. हाच आवाज उंबरठ्याबाहेर किती चढतो, ते पाहण्यात मला अधिक रस होता.

जेरुसलेममधल्या युरोपीय वाणिज्य वकिलातींचा मामला बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. ब्रिटनने इथे १८३९ मध्ये आणि फ्रान्सने १८४३ मध्ये वकिलात थाटली, तेव्हा या गावात कोणत्या ख्रिस्ती पंथाचा पालक कोण, यावरून युरोपीय सत्तांची चढाओढ चालू होती. १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी योजनेने जेरुसलेमला वेगळा आंतरराष्ट्रीय दर्जा देऊ केला; तो प्रत्यक्षात कधी आला नाही, पण बऱ्याच युरोपीय देशांनी तो कागदावर जपला आहे. म्हणून त्यांचे राजदूत तेल अवीवमध्ये बसतात आणि जेरुसलेममधले महावाणिज्यदूत इस्रायलकडे अधिकारपत्र सादर न करता पॅलेस्टिनींशी व्यवहार पाहतात. आपल्याकडे याला ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणतील. तरीही पाऊणशे वर्षे एक कायदेशीर भूमिका न सोडणे ही लहान गोष्ट नाही, हेही मान्य करायला हवे.

ब्रिटिश वकिलात शेख जर्राहमध्ये आहे. तिच्या समोरच्या बाजूला एका पॅलेस्टिनी कुटुंबाचे घर होते. १९ जानेवारी २०२२ च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, इस्रायली पोलिसांनी कुटुंबाला बाहेर काढून ते पाडले. त्याच्या दोनच दिवस आधी माणसे छतावर चढून बसली होती आणि युरोपीय अधिकारी रस्त्यावर उभे राहून पाहत होते. मी गेले तेव्हा वकिलातीची भिंत, कॅमेरे, झेंडा हे सगळे नीटनेटके होते, आणि त्या घराच्या जागी रिकामा तुकडा. युरोपने निषेध केला होता, हे सांगायलाच हवे. निषेधात तो कधीच कमी पडत नाही.

शब्दांच्या बाबतीत तर युरोप काळाच्या पुढेच होता. १९८० च्या जूनमध्ये व्हेनिसमध्ये जमलेल्या युरोपीय समुदायाच्या नऊ देशांनी पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला, वाटाघाटींत पीएलओला (पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला) सामील करून घ्या असे म्हटले आणि व्यापलेल्या प्रदेशातल्या इस्रायली वसाहती बेकायदा ठरवल्या. अमेरिकेला पीएलओशी अधिकृतपणे बोलायला त्यानंतर आठ वर्षे लागली. इस्रायलने ते घोषणापत्र अतिशय कडवट शब्दांत फेटाळले आणि पुढच्याच महिन्यात अखंड जेरुसलेम ही राजधानी असल्याचा कायदा केला. १९९३ मध्ये इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ओस्लो कराराची वाट निघाली ती युरोपीय समुदायाबाहेरच्या नॉर्वेमुळे, आणि सह्या झाल्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवर. त्यानंतर पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा सर्वांत मोठा देणगीदार कोण, तर युरोप. निर्णय वॉशिंग्टनने घ्यायचे आणि लष्कराच्या भाकऱ्या ब्रुसेल्सने भाजायच्या, अशी ही वाटणी आहे.

इस्रायलींना युरोपविषयी काय वाटते, हे मला सर्वांत स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळाले ते रामल्यात, आणि तेही मराठीत. रामला, लोद, बीरशेबा, दिमोना या गावांत कोकणातून गेलेले बेने इस्रायल ज्यू बरेच आहेत. एका ओळखीच्या ओळखीने मी ज्यांच्याकडे गेले, त्या मावशी साठच्या दशकात अलिबागकडून गेलेल्या. माझ्या यादीबद्दल ऐकताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“युरोपवाल्यांचं मला काही सांगू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “साठ लाख माणसं मारली, नि आता आम्हाला शहाणपण शिकवतात. आम्ही कोकणात इतकी शतकं राहिलो, कुणी बोट लावलं नाही. ते दुखणं आमच्या घरचं नव्हतंच. पण इथं शेजारीपाजारी, सासरची माणसं, सगळ्यांचं ऐकून ऐकून आता माझंही झालंय.”

“पण मावशी, त्या वसाहतींचं काय?”

“ते मला विचारू नकोस. मी रामल्यात राहते.”

त्यांच्या स्वयंपाकघरात कपडे धुण्याचे यंत्र चालू होते, आणि ते जर्मन बनावटीचे होते. हे मी त्यांना चिमटा काढायला लिहीत नाही. युरोपीय महासंघ हा इस्रायलचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. १९९५ मध्ये झालेला आणि २००० मध्ये लागू झालेला सहकार्य करार या व्यापाराला सवलती देतो. आणि त्याच कराराच्या दुसऱ्या कलमात मानवी हक्कांचा आदर ही अट आहे. म्हणजे खरी किल्ली वकिलातीत नाही, बंदरात आहे. ती फिरवायची वेळ आली की मात्र सत्तावीस देशांचे सत्तावीस सूर लागतात. जर्मनीला मावशींच्या साठ लाखांच्या त्या वाक्याचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूसंहाराचे, ओझे आहे, आणि ते ओझे खरे आहे. हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाची गणिते वेगळी, आयर्लंड आणि स्पेनची वेगळी. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर गाझात युद्ध पेटले असताना, २७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावावर मतदान झाले. तेव्हा महासंघातले ८ देश बाजूने होते, ४ विरोधात आणि १५ तटस्थ. एवढ्या फुटीतून एक परराष्ट्र धोरण कसे निघणार?

१९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनला मी गेले ते जे आता तिथे नाही ते पाहायला. १९९४ मध्ये इब्राहिमी मशिदीत एका इस्रायली वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले. नॉर्वेच्या समन्वयाखाली डेन्मार्क, स्वीडन, इटली, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तानची माणसे १९९७ पासून गस्त घालत, जे दिसेल ते टिपत आणि अहवाल लिहीत. पण ते अहवाल जाहीर होत नसत. २०१९ च्या सुरुवातीला इस्रायलने त्यांची मुदत वाढवली नाही आणि ते निघून गेले. तिथल्या शुहदा रस्त्यावरची, इस्रायली लष्कराने बंद केलेली दुकाने तशीच बंद आहेत. एका दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “ते काही थांबवू शकत नव्हते. पण कुणीतरी पाहतंय, एवढं तरी होतं.”

खान अल-अहमर जेरुसलेमहून जेरिकोकडे उतरणाऱ्या महामार्गाच्या अगदी काठाला आहे. माले अदुमिम ही मोठी वसाहत मागे पडते, डोंगर पिवळे आणि उघडेबोडके होत जातात, आणि रस्त्याच्या एका अंगाला पत्र्याच्या व ताडपत्रीच्या झोपड्यांचा पुंजका दिसतो. हे जहालीन बेदुईन. १९५० च्या दशकात नेगेव वाळवंटातून घालवलेली ही माणसे इथे येऊन राहिली. ओस्लोच्या व्यवहारात ही जमीन ‘क’ क्षेत्रात गेली, म्हणजे वेस्ट बँकेच्या सुमारे ६० टक्के भागात, जिथे बांधकामाची परवानगी इस्रायलच देतो आणि पॅलेस्टिनींना ती जवळजवळ कधीच देत नाही. काँक्रीटचे बांधकाम लगेच पाडले जाईल म्हणून २००९ मध्ये एका इटालियन संस्थेच्या मदतीने इथे जुन्या टायरांची शाळा उभी राहिली. टायरांत माती ठासून भरायची, ते एकमेकांवर रचायचे आणि वरून चिखलाचा गिलावा द्यायचा. एका वर्गाच्या कोपऱ्यात गिलाव्याचा पापुद्रा निघाला होता आणि आतून टायरची नक्षी स्पष्ट दिसत होती. हात लावला तर भिंत थंड नव्हती. बाहेर बोचरा वारा असताना आत मुले स्वेटर काढून बसली होती. पाण्याच्या टाकीवर युरोपीय महासंघाचा निळा स्टिकर होता, उन्हाने फिका पडलेला.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वस्ती पाडायला हिरवा कंदील दिला होता. तेव्हा ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्पेन यांनी एकत्र विरोध केला आणि युरोपीय अधिकारी वस्तीत येऊन बसू लागले. तिथल्या एका शिक्षिकेने मला त्या दिवसांबद्दल सांगितले. गाड्या यायच्या, चहा व्हायचा, छायाचित्रे निघायची आणि गाड्या जायच्या. “आम्ही हसायचो त्यांना,” ती म्हणाली, “पण ते असले की त्या दिवशी बुलडोझर येत नसे. म्हणून आम्ही चहा सावकाश करायचो.” वस्ती त्या वर्षी पाडली गेली नाही, मी गेले तेव्हाही ती उभी होती, आणि त्यात युरोपच्या दबावाचा वाटा आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण हा अपवाद आहे. २०१३ मध्ये जॉर्डन खोऱ्यात तंबू पोहोचवायला निघालेल्या एका फ्रेंच अधिकारी महिलेला इस्रायली सैनिकांनी ट्रकमधून ओढून खाली पाडले. पुढे परत मायदेशी जावे लागले ते तिला. २०१७ मध्ये बेल्जियम आणि फ्रान्ससह आठ देशांनी, आपल्या पैशांनी बसवलेली सौर पॅनेल आणि शाळेची तात्पुरती बांधकामे जप्त झाली किंवा मोडली गेली म्हणून इस्रायलकडे भरपाई मागितली. ती रक्कम होती तीस हजार युरोंहून किंचित अधिक. आठ सार्वभौम देशांचे पत्र आणि मागणी एका मध्यम आकाराच्या मोटारीच्या किमतीची! आणि मी परत आल्यानंतर काही आठवड्यांतच, ७ मे २०२३ रोजी, बेथलेहेमजवळच्या जुब्बेत अद-धिब येथील महासंघाच्या पैशांतून बांधलेली शाळा पाडली गेली. एलिओनातल्या दोन जँडार्मसाठी राजदूताला पाचारण होते. शाळेसाठी निवेदन निघते. आपल्या मालकीची जागा आणि आपण पैसे दिलेली जागा यांत युरोप करतो तो हा फरक मला या प्रवासात पदोपदी दिसला.

त्यानंतर बरेच काही बदलले आहे. २०२४ मध्ये स्पेन, आयर्लंड, नॉर्वे आणि मग स्लोव्हेनिया, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटन, पोर्तुगाल आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली. भारताने ती १९८८ मध्येच दिली होती. करारातल्या व्यापारी सवलती स्थगित कराव्यात, असा प्रस्ताव त्याच सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने मांडला, आणि तो लगेच देशादेशांतल्या मतभेदांत अडकला. त्याआधी महिनाभर, २० ऑगस्टला, इस्रायलने ई-वन योजना मंजूर केली होती: माले अदुमिम आणि जेरुसलेम यांच्यामधल्या डोंगरांवर सुमारे ३,४०० घरे. खान अल-अहमर त्याच पट्ट्याच्या काठावर आहे. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक देशांनी ही योजना आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग असल्याचे संयुक्त पत्रक काढले. त्यात ब्रिटन होता, फ्रान्स होता, आणि जिथल्या संस्थेने ती टायरची शाळा उभारायला मदत केली, तो इटलीही होता. जर्मनीची सही त्यावर नव्हती.