न सडणारी अळी

फोटोऱ्हॅब्डस हा माझा सगळ्यांत आवडता जिवाणू. तो राहतो हेटेरोऱ्हॅब्डायटिस नावाच्या बारीक सूत्रकृमीच्या आतड्यात. कृमी कीटकाच्या अळीत शिरतो, हे जिवाणू तिच्या रक्तात सोडतो आणि दोनेक दिवसांत अळी मरते. प्रयोगशाळेत आम्ही मेणपतंगाच्या अळ्या वापरतो. त्या विटकरी लाल होतात. मिट्ट अंधारात डोळे सरावले की मंद उजळलेल्याही दिसतात! मुलं उजेडावर खूश होतात. मी मात्र त्यांना वास घ्यायला सांगते. कुजल्याचा वास येतच नाही. आत कृमींची पिढी वाढत असते आणि अळी तशीच टिकलेली. फोटोऱ्हॅब्डस एवढी प्रतिजैविकं तयार करतो की बाहेरच्या जिवाणूंना, बुरशीला तिथे थारा मिळत नाही.

त्याला झगडायचं असतं ते अळीच्या आतड्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह, बाहेरून एक जादा आवरण असलेल्या जिवाणूंशी. म्हणजे ई. कोलायच्या गोतावळ्याशी, ज्यात तो स्वतःही मोडतो. भाऊबंदकीच ही! शिवाय औषध यजमान कृमीला बाधून चालत नाही. दवाखान्यात आपल्याला नेमकं हेच हवंय: ग्रॅम-निगेटिव्ह मरावेत, प्राणी जगावा. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस यांच्या गटानं हाच विचार धरून शोध घेतला आणि २०१९ मध्ये डॅरोबॅक्टिन जाहीर केलं. सात अमिनो आम्लांचा छोटासा रेणू. बहुतेक औषधं ग्रॅम-निगेटिव्हच्या बाहेरच्या आवरणाशीच अडतात. हा त्या आवरणातल्याच बॅम-ए या प्रथिनाला धरतो. आवरणात नवी प्रथिनं बसवणारं यंत्रच बंद पडतं. आत शिरायची गरजच नाही! उंदरांमधले संसर्ग त्यानं बरे केले. माणसांसाठीचं औषध व्हायला अजून पुष्कळ काम आहे.

फोटोऱ्हॅब्डसच्याच एका स्टिल्बीन प्रकारच्या रसायनावरून पुढे टॅपिनारॉफ हे सोरायसिसचं मलम आलं, २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं.

मला सांगायचंय ते आपल्या मातीबद्दल. डॅरोबॅक्टिन मिळालं फोटोऱ्हॅब्डस खानाय या जातीतून. आपल्याकडे उसातल्या हुमणीवर ईपीएन, म्हणजे कीटक मारणारा सूत्रकृमी, म्हणून सोडतात त्या हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिकात फोटोऱ्हॅब्डसची अखुर्स्टी ही जात असते. या कृमीची नोंद १९९२ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून झाली. आपण या जोडीकडे फक्त कीडनाशक म्हणून बघतो, हे मला खटकतं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनो, उसाच्या सरीतली ओली माती आणा, तिच्यात मेणपतंगाच्या अळ्या ठेवा आणि लाल झालेल्या अळीतला जिवाणू ई. कोलाय वाढवलेल्या प्लेटवर लावून बघा, ई. कोलाय मरतो का ते.