१४ हजार खाती, ६९ लाख माणसे

‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीतून २०२३ साली ग्राहकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर प्रत्यक्षात सुमारे १४ हजार खात्यांतच शिरले होते. तरीही सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. ही तफावत मला मूळ चोरीपेक्षाही अधिक अस्वस्थ करते.

इतर संकेतस्थळांवरून पूर्वी फुटलेले ईमेल आणि पासवर्ड चोरांनी येथे चालवून पाहिले आणि ज्या ग्राहकांनी तोच पासवर्ड येथेही ठेवला होता, त्यांची खाती उघडली. पुढचे काम कंपनीच्याच ‘डीएनए रिलेटिव्ह्ज’ या सुविधेने सोपे केले. लाळेच्या नमुन्यावरून दूरचे नातेवाईक शोधून देणाऱ्या या सुविधेत सहभागी झालेल्या प्रत्येक ग्राहकाला आपल्याशी डीएनए जुळणाऱ्या अनेक अनोळखी लोकांची माहिती दिसते, आणि त्याच्या खात्यात शिरलेल्या चोरालाही ती तशीच दिसली. अश्केनाझी (म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातील मुळाचे) ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या इंटरनेटवर आल्या. ज्यूंची यादी कोणाला आणि कशासाठी हवी असते, हे युरोपने एकदा पाहिलेले आहे.

कंपनीच्या वकिलांनी दोष पासवर्ड पुन्हा वापरणाऱ्या ग्राहकांवर ढकलला. हे मला पटत नाही, कारण ६९ लाखांपैकी बहुतेकांचे खाते फुटलेच नव्हते, आणि दुहेरी पडताळणी सक्तीची झाली ती चोरीनंतर.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती ही विकाऊ मालमत्ता ठरली. अखेर सहसंस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने व्यवसाय विकत घेतला. पण नमुना पाठवताना आपली माहिती पुढे कोणाच्या हाती जाईल, हे कोणत्याही ग्राहकाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

अमेरिकेचा २००८ चा कायदा जनुकीय माहितीवरून नोकरी आणि आरोग्य विम्यात भेदभाव करू देत नाही, मात्र आयुर्विमा त्याच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा डीएनए समान असतो. न्यू जर्सीतल्या बहिणीने हौसेने चाचणी केली, तर पुण्यातल्या भावाच्या आनुवंशिक आजारांविषयीही बराच अंदाज बांधता येतो. बहीण आपले खाते काढून टाकू शकते. भावाचे तेथे खातेच नसल्यामुळे त्याने अर्ज करायचा तरी कशाबद्दल?